गेम लिहिणारा नवरा आणि व्यसनाची शंका

नवरा रात्ररात्र संगणकावर गेम खेळतो आणि विचारले तर हेच माझे काम आहे असे सांगतो. याला व्यसन समजायचे की व्यवसाय, असा प्रश्न अलीकडे समुपदेशनात माझ्याकडे वारंवार येतो. कधी तो मुलाविषयी असतो, कधी जावयाविषयी. लातूरसारख्या शहरात, जिथे मुलाचे भवितव्य बारावीच्या गुणांवर आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशावर ठरते असे घरोघरी मानले जाते, तिथे इंजिनिअर झालेला मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी बसून गेमचे संवाद आणि कॉमिक्सच्या स्क्रिप्ट लिहितो, हे कुटुंबाला पचायला जड जाते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत, घरात सासू-सासरे. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि औसा तालुक्यात थोडी शेती असलेले. पहिल्या भेटीला पत्नी एकटीच आली होती. “रात्रीचे दोन वाजले तरी हे खेळायलेतच, मॅडम. मामा तर म्हणतात, रमीचा नाद लागला असणार, उद्या शेत विकायला लागंल.” सासऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण ऑनलाइन रमीपायी कर्जात बुडालेली पोरे त्यांनी भावकीत पाहिली होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा तर ‘गेमवर बंदी आली’ एवढेच त्यांच्या कानावर पडले. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळांना, आणि मनोरंजनाच्या व शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

शंका व्यसनाची असली की प्रथम ती नीट तपासली पाहिजे. ‘अहो, ते कामच असेल’ असे म्हणून पत्नीला परत पाठवणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी 2022 पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टी मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. ती सहसा 12 महिने टिकलेली असावी लागतात आणि त्यामुळे कुटुंब, शिक्षण किंवा नोकरी यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो. किती तास खेळले, हा निकषच नाही. पुढच्या भेटीत मी नवऱ्याला विचारले की एखादे काम संपले की तो गेम पुन्हा उघडतो का, गावी गेल्यावर चार दिवस संगणक नसला तर काय होते, खेळण्यासाठी कधी खोटे बोलला आहे का, पैसे लावले आहेत का. उत्तरे मोकळेपणाने आली, पत्नीनेही त्यांना दुजोरा दिला, आणि निष्कर्ष व्यसनाकडे जात नव्हता. झोप मात्र पार विस्कटलेली होती आणि चिडचिड वाढली होती.

मग हा माणूस रात्री नेमके करतो तरी काय, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. गेममधले संवाद कथेसारखे सरळ पुढे जात नाहीत. खेळणाऱ्याने आधी काय केले यावर समोरचे पात्र काय बोलणार ते ठरते. त्यामुळे एकाच पहारेकऱ्यासाठी पहिल्या भेटीचे एक वाक्य, दुसऱ्या भेटीचे दुसरे आणि मधल्या काळात खेळाडूची चोरी पकडली गेली असेल तर तिसरे, अशी वाक्ये एक्सेलच्या तक्त्यात क्रमांक, अट आणि अक्षरमर्यादा सांभाळून लिहावी लागतात. पुढे ती खेळून तपासावी लागतात, कारण तक्त्यात छान वाटलेले वाक्य तिसऱ्यांदा कानावर पडले की नकोसे होते. शिवाय काम देणारे परदेशात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि तिकडची घड्याळे बदलली की हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. त्यात गोपनीयतेचा करार असल्याने चालू काम बायकोलाही दाखवता येत नाही. पूर्ण झालेला गेम बाजारात यायला वर्ष-दोन वर्षे जातात, आणि कधी तो येतच नाही.

इथवरचे कारण सगळ्यांना पटले असते. पण रात्रीच्या बैठका आठवड्यातून दोनच होत्या, मग उरलेल्या रात्री का जागायच्या? यासाठी मी त्याला त्याच्या दिवसाची नोंद ठेवायला सांगितले, आणि ती वही वाचताना घरातल्या भांडणाचे मूळ हाती लागले. गॅसची टाकी आली, तो खाली उतरला. वडिलांच्या पेन्शनसाठी बँकेत, आईला डोळे तपासायला, मुलीला शाळेतून आणायला, चुलत्याचा फॉर्म भरायला, सगळीकडे तोच, कारण ‘तू घरीच हायस की’. दुपारी सलग दीड तास मिळाला असा दिवस त्या वहीत विरळा होता. दिवसभर घर त्याचा वेळ फुकटचा धरत होते, म्हणून लिहिणे रात्रीवर ढकलले जात होते. आणि घराला दिसत होती ती फक्त रात्र. माझ्या मते अशा बहुतेक घरांत तपासायची गोष्ट ही आहे: रात्री काय चालते त्याआधी दिवस कुठे जातो ते पाहावे.

त्याची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बैठक संपल्यावर तासभर तो निव्वळ करमणुकीसाठी खेळत असे आणि तोही वेळ ‘काम’ या नावाखाली खपवत असे. मुलगी काही दाखवायला आली की ‘थांब, डोक्यात चाललंय’ म्हणत असे. पत्नीचे खरे दुखणे तेच होते. खेळापेक्षा या वाक्यानेच आपल्याला घराबाहेर काढल्यासारखे वाटते, असे तिने सांगितले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी मुद्दाम बोलावले. मुलाने गोपनीयतेचा प्रश्न नसलेली, छापून झालेली एक मराठी कॉमिक्सची स्क्रिप्ट आणली होती. पान 4, चौकट 3: डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेतलेली बाई वाटसरूला रस्ता दाखवते. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “दोन्ही हात घागरीला हायती, मग रस्ता कशानं दाखवतीय?” मुलगा हसला, चित्रकारानेही हेच विचारले होते, आणि त्यामुळे आधीची दोन पाने मोडून पुन्हा लिहावी लागली होती. संवादाच्या फुग्यात 25-30 शब्दांहून जास्त मजकूर घातला की चित्र झाकले जाते, म्हणून प्रत्येक वाक्य तासून घ्यावे लागते, हेही त्याने सांगितले. यानंतर अण्णांनी रमीचे नाव काढले नाही.

पैशाचा विषय मात्र त्यांनीच काढला. बिल पाठवल्यावर महिना-दोन महिन्यांनी रक्कम येते, भारतीय कंपनी असेल तर बहुधा 10 टक्के कर आधीच कापून येते आणि जादा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आडतीवरच्या पट्टीसारखंच झालं. माल घातला आज, हातात काय पडंल ते नंतर.” सोयाबीन-तुरीच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घरात अनियमित उत्पन्नाची भाषा नव्याने शिकवावी लागली नाही. त्यांच्याच सल्ल्याने सगळी मानधने एका वेगळ्या खात्यात घ्यायची, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम एका तारखेला घरखर्चाला द्यायची आणि निदान सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवायचा असे ठरले. करारांबाबत मी त्याला वकिलाकडे जायला सांगितले. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क लेखी करारानेच देता येतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते, हे या क्षेत्रातल्या अनेकांना माहीत नसते.

वेळेची वाटणीही झाली. सकाळी दहा ते दोन त्याच्या खोलीचे दार बंद राहील आणि त्या वेळेतली बाहेरची कामे अण्णा करतील. चारनंतर मुलगी त्याच्याकडे, आणि तेव्हा मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर. बैठकीच्या दोन रात्री कॅलेंडरवर लिहिलेल्या असतील आणि इतर दिवशी अकराला संगणक बंद. करमणुकीचे खेळणे बंद करायला मी सांगितले नाही, फक्त त्याला काम म्हणू नये एवढे सांगितले.

ज्या घरांत चित्र वेगळे आहे, म्हणजे खेळणारा पैसे लावतो, लपवतो, हातातले काम सोडून देतो, अडवले की अंगावर येतो, तिथे घरगुती तडजोडीत वेळ घालवू नये; मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा, तो विनाशुल्क आहे.

या कुटुंबात रात्रीची भांडणे थांबली आहेत, सगळे प्रश्न मिटलेले नाहीत. मध्यंतरी एक गेम अर्ध्यावर रद्द झाला आणि दोन महिने एकही बिल गेले नाही. घर शिलकीवर चालले, पण पत्नीची धास्ती परतली. त्याने एखाद्या कॉलेजात अर्धवेळ शिकवावे असे तिला वाटते, तर त्यामुळे सकाळचे चार तास जातील असे त्याचे म्हणणे आहे. पाहुण्यांना अण्णा अजूनही ‘पोरगा कंपनीचं काम घरून करतो’ असेच सांगतात आणि मुलानेही ते आता मनाला लावून घेणे सोडले आहे. अर्धवेळ नोकरीचा निर्णय मार्चअखेरीस वर्षाचा हिशेब समोर ठेवून घ्यायचा, असे दोघांनी ठरवले आहे.