वाचकांचे प्रश्न : रोटरी टेबलाचा चौथा अक्ष

प्रश्न : तीन अक्षांच्या छोट्या सीएनसी मिलवर (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर), हाताने फिरवायच्या रोटरी टेबलाला स्टेपर मोटर (प्रत्येक विद्युत पल्सला एक ठरावीक पाऊल फिरणारी मोटर) बसवून मी ए अक्ष, म्हणजे फिरण्याचा चौथा अक्ष, जोडला आहे. ड्रायव्हर मोटरच्या एका फेऱ्याला २००० पल्स घेतो आणि लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका अंशाला ५०० पल्स असे भरले आहे. ९० अंशांची आज्ञा दिली की टेबल दर वेळी सुमारे ११२ अंश फिरते. शिवाय ४० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर सर्पिल खाच पाडताना फीड (कापतानाचा वेग) १०० असूनही टेबल एकदम झपाट्याने फिरते. दोष मोटरचा आहे का?

उत्तर : मोटर निर्दोष दिसते. स्टेपर पल्स गाळते तेव्हा टेबल कमी फिरते आणि चूक दर वेळी वेगळी येते. तुमची चूक एकाच मापाची आहे. ५०० हा आकडा ९०:१ चा वर्म (टेबल फिरवणारा स्क्रूसारखा गिअर, ज्याच्या ९० फेऱ्यांत टेबल एकदा फिरते) धरला तरच येतो. तोच वर्म ७२:१ चा असेल, तर ९० अंशांच्या ४५,००० पल्समध्ये टेबल बरोबर ११२.५ अंश फिरेल. वर्मच्या एका फेऱ्यात टेबल ४ नव्हे, ५ अंश सरकते का ते मोजा आणि तसे असल्यास ४०० भरा. पडताळणी मात्र ९० अंशांवर करू नये. एकाच दिशेने दहा पूर्ण फेऱ्या देऊन, टेबलावरील ठोकळ्याची कड स्पिंडलमधील (कटर धरणाऱ्या दांड्यातील) डायल इंडिकेटरने, म्हणजे बारीक सरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने, आधी व नंतर तपासावी, म्हणजे एका फेरीतली बारीक चूकही दहापट होऊन दिसते.

फीडचे दुखणे वेगळे आहे. आज्ञेत केवळ ए अक्ष असेल तर एफ १०० (एफ म्हणजे आज्ञेतला फीडचा आकडा) म्हणजे मिनिटाला १०० अंश, आणि तुमच्या दांड्याच्या पृष्ठावर तो वेग मिनिटाला जेमतेम ३५ मिलिमीटर भरतो. त्याच आज्ञेत एक्स हा सरळ रेषेतला अक्ष आला की कंट्रोलर फीड फक्त एक्सच्या अंतराला लावतो आणि ए ला त्याच वेळात पोहोचवू पाहतो. एक्स १ मिलिमीटर आणि ए ९० अंश असल्यास ०.६ सेकंदांत पृष्ठाचे ३१ मिलिमीटर कापायचे ठरते. यावर उपाय जी ९३ ही आज्ञा, अर्थात व्यस्त वेळेचा फीड, ज्यात एफ म्हणजे १ भागिले हालचालीला लागणारी मिनिटे. ही हालचाल पृष्ठावर १०० च्या वेगाने व्हायची तर सुमारे ०.३१ मिनिट लागेल, म्हणून एफ ३.२ द्यावा. जी ९३ मध्ये कापणीच्या प्रत्येक ओळीवर एफ लागतो. हाताने हे लिहिणे कंटाळवाणे आहे, ते कॅमच्या (कापणीचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोस्ट प्रोसेसरकडे, म्हणजे त्या मार्गाच्या आज्ञा लिहिणाऱ्या भागाकडे, सोपवावे.

बॅकलॅशची (दिशा बदलताना गिअरच्या ढिलाईने येणाऱ्या चुकीची) भरपाई सॉफ्टवेअरमधून करून निश्चिंत होऊ नका. ती आकडा सुधारते, पण वर्म आणि चाकातील मोकळी जागा तशीच राहते आणि कटर टेबलाला तेवढे ढकलू शकतो. ठरावीक कोनांवर थांबून कापायचे असेल तर नेहमी एकाच बाजूने कोनावर यावे आणि क्लॅम्प आवळावा.

प्रश्न : ए अक्ष अखंड फिरावा यासाठी कोणती मर्यादा भरावी? होम स्विच (अक्षाची शून्य जागा ओळखणारा स्विच) आवश्यक आहे का?

उत्तर : स्विच नसला तरी चालतो, शून्य प्रत्येक जॉबला घेता येते. मर्यादा भरूच नका. रॅप्ड रोटरी (कोन ० ते ३६० अंशांतच मोजणारी) ही सेटिंग सोयीची वाटते, पण तिच्यात चिन्ह दिशा दाखवते, म्हणजे ए -९० म्हणजे उलट्या दिशेने ९० वर जाणे, आणि निरपेक्ष मापात (शून्यापासून मोजलेल्या) ७२० सारखा कोन आला की प्रोग्राम अडतो. तुमचे कॅम सर्पिलासाठी सतत वाढत जाणारे कोन लिहीत असेल, तर ती सेटिंग बंदच ठेवावी.