गावाबाहेरची ५ गुंठे जागा घर बांधायला योग्य आहे का, हे कसं तपासायचं?

सातबारा स्वच्छ आहे म्हणून इसार देऊन मोकळे होऊ नका. आधी नगररचना कार्यालयातून त्या गट नंबरचा झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवलीय, याचा कागद) काढा. शेती किंवा ना-विकास झोन निघाला तर एजंट काहीही म्हणो, विषय सोडा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा इतर हक्कात कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव असेल तर वकिलाला दाखवा. शिवाय ५ गुंठ्यांचा तुकडा असल्याने मंजूर लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) आणि बिनशेतीचे कागद मागाच.

रस्ता? ‘इथून सगळे जातात’ हा रस्ता नव्हे. तो नकाशात हवा.

नदी-ओढा जवळ असेल तर पाटबंधारे खात्याकडे पूररेषा विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नकोच.

जागा पावसाळ्यात पाहा (एजंट उन्हाळ्यातच दाखवतात!). शेजारच्या कंपाउंडवर पाण्याची ओल कुठवर चढलीय ते बघा. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी माती असेल तर खड्डा खणून मुरूम किती खाली लागतो ते पाहा. ती माती पावसात फुगते, भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि बजेट तिथेच कोलमडतं.