होडीचा आराखडा तपासून घेताना

प्रश्न : मोटारीमागे ट्रेलरवर घालून धरणावर नेता येईल अशी प्लायवूडची शिडाची होडी मी स्वतः आखली आहे. लांबी ५.५ मीटर, रुंदी २.२ मीटर, वजन अंदाजे ५०० किलो. बांधणीपूर्वी जाणकारांचे मत घेण्यासाठी त्यांना काय पाठवावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : बांधणीपूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत. आपल्याकडील नियमांनुसार रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते, त्यामुळे तिकडून अडचण दिसत नाही. काळजी वाटते ती ‘अंदाजे’ या शब्दाची. प्लायवूड, रेझिन, डोलकाठी, नांगर अशा प्रत्येक वस्तूचे वजन आणि तिची तळापासूनची उंची यांचा तक्ता नसेल, तर होडी कलल्यावर पुन्हा सरळ होईल की नाही हे कोणताही जाणकार सांगू शकणार नाही. त्यात माणसेही धरा. तिघांचे सव्वादोनशे किलो म्हणजे होडीच्या जवळपास निम्मे वजन.

तक्त्यासोबत होडीच्या अंगाचे आडवे-उभे छेद आणि शिडांचा आराखडा पाठवा. त्यात शिडांचा मध्यबिंदू आणि पाण्याखालील भागाचा मध्यबिंदू दाखवा, कारण शिडांचा बिंदू फार मागे पडला तर होडी सतत वाऱ्याकडे तोंड वळवते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो. शक्य असल्यास एक-पंचमांश प्रतिकृती करा. तिचे वजन पाचाच्या घनाने, म्हणजे १२५ पटींनी कमी हवे : रिकामी ४ किलो, तिघांसह ५.८ किलो. गुरुत्वमध्याची उंचीही एक-पंचमांश ठेवून ती पाण्याच्या टाकीत कलवा आणि छायाचित्रे जोडा. डोलकाठी एकट्याने उभी करता येते का, हेही आवर्जून विचारा.