सीएचरूटनंतर अनमाउंट केले आणि मूळ यंत्रणेचे टर्मिनल उघडेना

आपण लिहिले आहे की, सीएचरूटमधली (एखाद्या फोल्डरलाच मूळ मानून त्यात आज्ञा चालवण्याचे साधन) दुरुस्ती आटोपून बाहेर आल्यावर अनमाउंट करताना, म्हणजे आत जोडलेली फोल्डरे सोडवताना, ‘टार्गेट इज बिझी’ (जागा वापरात आहे) असा संदेश आला, म्हणून लेझी पर्याय (जागा वापरात असली तरी ती वेगळी करणारा) लावून काम उरकले आणि तेव्हापासून मूळ यंत्रणेवरच नवे टर्मिनल उघडत नाही. हेच दुखणे मीही भोगले आहे. त्या वेळी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या मदतकक्षाने माझा मजकूर न वाचता ‘यंत्रणा नव्याने बसवा’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा धाडले आणि त्यापायी एक धडधाकट सर्व्हर पुसला गेला. डिस्कवर काहीही बिघडलेले नव्हते. साधे रीबूट पुरले असते. आपणही आधी तेवढेच करून पाहावे.

सीएचरूट हे १९७९ च्या युनिक्सपासूनचे साधन. माउंट नेमस्पेस (प्रक्रियेला माउंटची स्वतंत्र यादी देणारी सोय) लिनक्समध्ये आल्या त्या २००२ मध्ये. त्यामुळे सीएचरूट प्रक्रियेपुरते मूळ फोल्डर बदलते, माउंटची यादी मात्र बाहेरच्या यंत्रणेशी सामाईकच राहते. त्यातच सिस्टिमडी (यंत्रणा सुरू करून चालवणारा प्रोग्रॅम) सारे माउंट ‘शेअर्ड’ (एकीकडचा बदल दुसरीकडेही पोचवणारे) ठेवते, म्हणून ‘आरबाइंड’ने (फोल्डर त्यातल्या जोडण्यांसह जोडणारा पर्याय) डेव्ह ही उपकरणांची डिरेक्टरी आत जोडल्यावर तिच्यातली पीटीएस, म्हणजे टर्मिनलांची जागा, काढली की बाहेरचीही निघते, आणि टर्मिनल तर तिच्यावाचून उघडतच नाही. ‘बिझी’ हा संदेश याचाच इशारा होता, कारण ती जागा आपलीच उघडी टर्मिनले वापरत होती. लेझी पर्यायाने हा इशाराच डावलला जातो. तो सर्रास सुचवणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

जोडणी केल्याबरोबर ‘मेक-आरस्लेव्ह’ (आतले बदल बाहेर जाऊ न देणारा पर्याय) लावणे हा प्रचलित उपाय असला, तरी घाईत तो विसरला जातोच. माझ्या मते आधी ‘अनशेअर’ या आज्ञेने वेगळी माउंट नेमस्पेस घ्यावी आणि सर्व जोडण्या व सीएचरूट तिच्या आतच करावे, म्हणजे शेलमधून बाहेर पडताच त्या आपोआप नाहीशा होतात. ‘अनशेअर’ ज्यात येते त्या युटिल-लिनक्स संचाची आवृत्ती २.२७ पेक्षा जुनी असल्यास नवी नेमस्पेस बाहेरच्या यंत्रणेपासून तुटलेली आहे हे गृहीत धरू नये. ‘फाइंडमाउंट’ या आज्ञेत प्रोपगेशनचा (बदल इतरत्र पोचतात का ते दाखवणारा) रकाना पाहून खात्री करावी.

ओघाने आणखी एक: सीएचरूटचे फोल्डर पुसताना ‘वन-फाइल-सिस्टिम’ (दुसऱ्या फाइल सिस्टिमवरचे वगळणाऱ्या) पर्यायावर विसंबू नये. होम (वापरकर्त्यांच्या फाइलींचे फोल्डर) डिस्कच्या त्याच विभाजनावरून आत जोडलेले असेल, तर तो पर्याय त्याला वेगळे मानत नाही आणि खरे होमच पुसले जाते.