शास्त्र की परंपरा? आधी बायबलची अनुक्रमणिका पाहा

तुम्ही शरणपूरचे, सी.एन.आय. या प्रोटेस्टंट मंडळीचे (म्हणजे चर्चचे), होणारी बायको नाशिकरोडची कॅथलिक. वडील म्हणतात, शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाही ते मानायचं नाही. सासरे म्हणतात, परंपराही देवाचीच देणगी. बरोबर कोण, हा तुमचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो. शेवटचा शब्द शास्त्राचा. पण परंपरा बाजूला सारून शास्त्र वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

वडिलांच्या बायबलची अनुक्रमणिका उघडा. नव्या करारात 27 पुस्तकं आहेत, पण ही यादी त्यातल्या एकाही पुस्तकात नाही. नेमकी हीच 27 नावं आपल्याला पहिल्यांदा सापडतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पत्रात. इब्री, दुसरं पेत्र, प्रकटीकरण या पुस्तकांवर त्याआधी बराच वाद होता. सासरे म्हणतील, बघा, मंडळीनं ठरवलं. मी म्हणेन, मंडळीनं ओळखलं, कारण पौलाची पत्रं आणि शुभवर्तमानं उपासनेत कधीपासूनच वाचली जात होती. तरी ओळखणारे डोळे मंडळीचेच होते, हे वडिलांनी मान्य करायला हवं.

पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यानं निर्माण केलेला, असं शिकवणारा आरियसही बायबलची वचनंच दाखवत होता, हे आपण विसरतो. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असं नायसियाच्या धर्मसभेत 325 साली ठरलं, पण 'एकतत्त्व' हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. वचनांचा अर्थ राखायला तो लागला. उपासनेत नायसियाचा मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणताना वडीलही तेच म्हणतात.

आता दुसरी बाजू. मार्क 7 वाचा. 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आईबापांचा हक्क बुडवणाऱ्यांना येशूनं सुनावलं, ते परंपरेच्या नावाखालीच चाललं होतं. म्हणून परंपरेची झडती घेण्याचा अधिकार शास्त्राकडे राहिलाच पाहिजे. सासऱ्यांच्या बाजूनं 2 थेस्सलनीकाकर 2:15 आहे, तिथं पौल तोंडी शिकवणही धरून ठेवा म्हणतो. आणि 1965 च्या व्हॅटिकन दस्तऐवजातही मंडळीचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे, असंच लिहिलंय. हे वडिलांना जरूर दाखवा.

लग्नाचं म्हणाल तर, पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी मानते. तुमचा पुन्हा होणार नाही. मात्र मिश्र विवाहाला त्यांच्याकडे परवानगी लागते. तारीख ठरवण्याआधी दोघं मिळून फादरांना भेटा, आणि आपल्या पाळकांनाही.