व्ह्यूफाइंडरशेजारची चकती

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो, की दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आणि कॅमेरा पुन्हा गळ्यात आला. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. साठी ओलांडली पण कॅमेरा सोडवत नाही, अशी मंडळी आपल्याकडे बरीच दिसतात. त्यातली चार पत्रं घेतो. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात चाळीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केलेला फोटोग्राफर आहे. डोळ्याच्या आतलं डॉक्टरांना विचारा, बाहेरचं मी सांगतो.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं लख्ख दिसतं, स्टँडच्या या टोकावरून त्या टोकाच्या एसटीची पाटी वाचतो. पण कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळं धूसर. खालचे आकडेही लागत नाहीत. गंमत म्हणजे फोटो शार्प येतो. कॅमेरा बिघडलाय की डोळा? दुकानदार म्हणतो, नवीन घ्या.
– निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, नवीन घेऊ नका. कॅमेराही ठीक आहे आणि डोळाही. दोघांची अजून ओळख झालेली नाही, एवढंच.

माझंच सांगतो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिन्यानं, सप्टेंबरात, कासला गेलो. पठार नुसतं फुललेलं. कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर धुकं. आधी वाटलं कासचंच धुकं असेल, पण डोळा बाजूला घेतला की पार तलावापर्यंत स्वच्छ. मग म्हटलं बुरशी. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते हे काही नवीन नाही. कॅमेरा पुण्याला पाठवला. तीन आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी आणि साफसफाईचं बिल घेऊन परत आला. दुकानाचं नाव कशाला सांगू, त्यांनी साफ खरंच छान केला होता.

उलगडा केला पुतण्यानं. त्याला उणे दोनचा नंबर आहे. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं माझा कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, “काका, मला तर बिनचष्म्याचं एकदम क्लिअर दिसतंय की!” तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझा कॅमेरा उणे दोनवाल्या माणसासाठी लावलेला होता, आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो उणे दोनवाला माणूस मीच होतो.

झालेलं असं, की मोतीबिंदू डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यात पिकायला लागला की भिंगाची ताकद वाढते आणि माणसाला लांबचा उणे नंबर येतो. जवळचं मात्र चष्म्याशिवाय दिसायला लागतं. मी तर गावभर सांगत सुटलो होतो, की माझा चाळिशीचा चष्मा सुटला! नजर सुधारली नव्हती, मोतीबिंदू पिकत होता. कॅमेऱ्यात डोळा लावून बघायची खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर, आणि तिच्याशेजारी ती डोळ्याच्या नंबराला जुळवून घ्यायची चकती असते. त्या दोन-तीन वर्षांत ती चकती मी थोडी थोडी उणेकडे सरकवत गेलो, आणि तेही लक्षात न येता. ऑपरेशनमध्ये पिकलेलं भिंग गेलं, लांबच्या नजरेचं नवं भिंग आलं, डोळा शून्यावर आला. चकती राहिली तिथंच.

शिवाय आणखी एक भानगड. बहुतेक एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर मुळात अशा बेतानं केलेला असतो, की आतलं चित्र डोळ्याला साधारण १ मीटरवर असल्यासारखं वाटावं. तरुण डोळा आपलं भिंग फुगवून ते सहज पकडतो. बसवलेलं भिंग फुगत नाही. ते लांबचं असेल तर लांबचंच. म्हणून चकती अधिककडे न्यावी लागते.

आता करायचं काय ते. आयकपच्या, म्हणजे डोळा टेकवायच्या रबरी कडीच्या, वर किंवा उजव्या अंगाला बारीक दातांची एक चकती असते, जवळ + आणि – अशा खुणा. काही कॅमेऱ्यांत ती आधी बाहेर ओढून मग फिरवायची असते. दिवसा कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरा. सूर्याकडे चुकूनही नाही. समोरच्या देखाव्याकडे लक्ष देऊ नका, कारण तो लेन्सच्या फोकसमुळेही धूसर असू शकतो. बघायचे ते आतल्या फोकसचे चौकोन आणि खालचे आकडे. चकती आधी पार अधिकच्या टोकाला न्या, मग एकेक दात उणेकडे. आकडे ज्या क्षणी कोरल्यासारखे काळेभोर होतील तिथं थांबा. मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, आत छोटा स्क्रीन असतो, पण तोही भिंगातूनच बघायचा असल्यामुळं चकती तिथंही असते आणि रीत हीच. फोटो शार्प येत होता कारण ऑटोफोकस तुमच्या डोळ्याला विचारत नाही. ही चकती फक्त तुमच्यासाठी आहे, फोटोसाठी नाही.

चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही आकडे नीट होईनात, एका दिशेच्या रेघा ठळक आणि दुसऱ्या दिशेच्या फिसकटलेल्या दिसल्या, तर डोळ्यात तिरका नंबर उरलाय असं समजा. तो चकतीनं जात नाही, चष्मा लावूनच बघावं लागतं. चष्म्याचा नंबर साधारण महिना-दीड महिन्यानं पक्का होतो, त्याआधी चष्मा करायची घाई नको. चष्म्यासकट बघताना चित्राचे कोपरे कापले जातात, कारण डोळा मागं सरतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘आयपॉइंट’ म्हणून एक आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. तो २०च्या वर असेल तर चष्मेवाल्याला पूर्ण चौकट दिसायची शक्यता चांगली, १५च्या आसपास असेल तर मान हलवत बसा. रबरी आयकप उलटा दुमडता येत असेल तर दुमडा, काच ओरखडणार नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर व्ह्यूफाइंडर वरच्या भागातून आणि मागचा स्क्रीन खालच्या भागातून बघायचा. हे उलटं झालं की माणूस दिवसभर डोळ्यांना शिव्या देतो.

मागच्या स्क्रीनला तुम्हाला जवळचा चष्मा लागणारच. मी तो दोरीनं गळ्यात अडकवतो. एकाच गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आणि चष्म्याची दोरी, दोघांची रोज गाठ बसते. यावर उपाय सापडलेला नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी एक साधी परीक्षा. कॅमेरा बाजूला ठेवा, दुसरा डोळा झाका आणि ऑपरेशनच्या डोळ्यानं लांब बघा. मी आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघतो. तोही धूसर असेल तर चकतीला हात लावू नका, डॉक्टरांकडे जा. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागच्या पडद्यावर जाळी धरू शकते. ती लेझरनं बसल्या बसल्या निघते. डोळा लाल होऊन दुखला, नजर एकाएकी उतरली किंवा विजा चमकल्यासारखं झालं, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

प्रश्न : वय ५४, लग्नाच्या ऑर्डरी करतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. दवाखान्यात साधं भिंग आणि मल्टिफोकल भिंग असे पर्याय दिलेत. मल्टिफोकल महाग आहे, पण चष्मा लागणार नाही म्हणतात. आमच्या धंद्याला कुठलं बरं? आणि काम किती दिवसांनी सुरू करू?
– फोटोग्राफर, कऱ्हाड

उत्तर : दादा, भिंग निवडणं तुमचं आणि डॉक्टरांचं काम. मी काय निवडलं आणि का, एवढं सांगतो.

मल्टिफोकल भिंग आलेला उजेड जवळच्या आणि लांबच्या नजरेत वाटून देतं. वाटणी आली की कोणाच्याच वाट्याला पूर्ण येत नाही. काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा मंदावतो, आणि काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. किराणा दुकानात बसणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. आपण रात्री अकराला वरातीत उभे असतो, समोर एलईडीच्या माळा, मागं डीजेचे लाइट. मी साधं, लांबच्या नजरेचं घेतलं. व्ह्यूफाइंडर चकतीनं जुळतो, स्क्रीनला आणि अल्बमच्या कामाला चष्मा. माझा एक जोडीदार मात्र मल्टिफोकल घेऊन खूश आहे, तोही लग्नंच करतो. म्हणून म्हणतो, माझं ऐकून ठरवू नका.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा, आणि ती आधी सांगा, भिंग बसल्यावर नाही: मी फोटोग्राफर आहे, कॅमेऱ्याचा स्क्रीन हातभर लांब नाही, फूट-दीड फुटावर असतो, कॉम्प्युटर दोन फुटांवर, आणि व्ह्यूफाइंडरला मी अमुक डोळा लावतो. हा डोळा कुठला ते तुम्हाला माहीत असतंच असं नाही. कॅमेरा न बघता पटकन उचला. जिकडे जातो तो तुमचा कामाचा डोळा. त्या डोळ्याचं ऑपरेशन सीझन संपल्यावर ठेवता येतंय का बघा. दोन ऑपरेशनच्या मधले आठवडे विचित्र जातात, एक डोळा नवा आणि एक जुना, जिन्याची पायरी चुकते. मी त्या दिवसांत डाव्या डोळ्यानं काम करून पाहिलं. नाक स्क्रीनवर टेकतं, आणि टचस्क्रीन चालू असेल तर नाकानंच फोकसचा चौकोन सरकतो. नवरदेवाऐवजी मांडवाचा खांब शार्प आला. टच बंद करून ठेवा.

कामाचं म्हणाल, तर तारीख डॉक्टरच देतील. तोपर्यंत बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर आणि आयकप डोळ्याला दाबणं बंद. तो आयकप एकदा उजेडात धरून बघा. वर्षानुवर्षांचा घाम, हळद आणि अक्षतांची धूळ त्यात बसलेली असते. धुऊन घ्या, नाहीतर नवाच लावा.

प्रश्न : मला कृष्णेच्या घाटाचे फोटो काढायचा नाद आहे. ऑपरेशननंतर सगळं निळसर दिसतंय. आणि गेल्या दोन वर्षांत कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त केलेले माझे फोटो आता बघवत नाहीत, नदी निळीच्या पाण्यासारखी दिसते. डोळ्यात दोष राहिला का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, दोष नाही. मोतीबिंदूचं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा रंग अडवून धरतं. हे इतकं हळू होतं की कळत नाही. तुम्हाला निळं कमी दिसत होतं, म्हणून तुम्ही ते वाढवत गेलात. आता गाळणी निघाली. एकाच डोळ्याचं झालं असेल तर पांढऱ्या भिंतीसमोर आळीपाळीनं एकेक डोळा झाकून बघा. एकातून चुना दिसेल, दुसऱ्यातून बिनदुधाचा चहा शिंपडल्यासारखं. मला कासला हे गेंदाच्या फुलांवर कळलं. कित्येक वर्षं मी त्यांना सायीच्या रंगाची समजत होतो. पांढरीशुभ्र असतात ती! ‘सीतेची आसवं’ या फुलांचा जांभळा तर मी नव्यानंच पाहिला.

चित्रकार क्लोद मोने यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं, आणि सगळं निळं दिसतंय अशी तक्रार त्यांनीही केली होती. तेव्हा आत भिंग बसवायची सोय नव्हती. ते १९४९ साली लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी पहिल्यांदा केलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे डोळा मुकाट्यानं सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याआधी नुसता मोतीबिंदू काढायचे. माझ्या आजोबांचं तसंच झालं होतं. बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालून ते आमच्याकडं बघायचे तेव्हा त्यांचेच डोळे आम्हाला केवढाले दिसायचे.

निळेपणा काही आठवड्यांत सवयीचा होतो. तोवर जुन्या फोटोंना हात लावू नका, नाहीतर या वेळी पिवळे कराल. फोटो काढताना एका फ्रेममध्ये करडं कार्ड धरा आणि कॉम्प्युटरवर व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) त्या कार्डावर टिचकी मारून ठरवा, डोळ्यानं नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची मूळ फाइल, जपून ठेवली असेल तर ती दोन वर्षं वाया गेली नाहीत. नुसत्या जेपीईजी असतील तर थोडं नुकसान आहे.

प्रश्न : माझ्याकडं जुना निकॉन एफएम२ आहे. त्याला चकती नाही. ऑपरेशननंतर फोकस जुळत नाही. विकून टाकू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : विकायच्या आधी रस्त्यावर मिळतो तो रेडिमेड +१चा चष्मा लावून बघा. वर लिहिलंय तसं आतलं चित्र १ मीटरवर असतं, आणि तुमचं भिंग लांबचं असेल तर बरोबर तेवढाच फरक भरून निघतो. जुळलं, तर त्याच कामाचं स्क्रूनं बसणारं छोटं करेक्शन भिंग जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शोधा. इथं एक मेख आहे: निकॉननं त्या भिंगांवर व्ह्यूफाइंडरचा उणे १ धरून बेरजेचा आकडा छापलाय. म्हणून तुम्हाला ‘+१’ लिहिलेलं नको, ‘०’ लिहिलेलं हवं. दुकानदार म्हणेल, शून्य म्हणजे साधी काच. त्याचं ऐकू नका.

फोकस मधल्या दुभंगलेल्या गोलावर करा, आणि त्यासाठी उभी रेघ निवडा. विजेचा खांब, दाराची चौकट, काहीही. दोन तुकडे जुळले की नाही हे जरा धूसर दिसलं तरी कळतं. इतकं करूनही विकायचाच असेल, तर आधी मला कळवा.