नेम ऑफ द विंड, मिस्टबॉर्न, व्हील ऑफ टाइम या इंग्रजी फँटसी म्हणजे जादूच्या जगातल्या मालिकांतलं नेमकं वाचण्यासारखं काय? नेम ऑफ द विंडचा तिसरा भाग आलाच नसेल तर पहिला वाचण्यात अर्थ आहे का?

आधी मिस्टबॉर्न, मग नेम ऑफ द विंड, आणि व्हील ऑफ टाइम सध्या राहू द्या. एवढंच पाहिजे होतं तर इथंच थांबलात तरी चालतंय.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की गेम ऑफ थ्रोन्स सिरीयल बघून नाद लागला, मराठीत धारप आणि मृत्युंजय वगैरे झालंय, इंग्रजी जाडजूड पुस्तक अजून एकही शेवटपर्यंत गेलेलं नाही, आणि नेम ऑफ द विंड लिहिणाऱ्या पॅट्रिक रॉथफसची मालिका अर्धवट आहे म्हणून जो तो नको म्हणायलाय. या शेवटच्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण हा सल्ला सगळे देतात आणि मला तो अजिबात पटत नाही.

नेम ऑफ द विंड 2007 ला आलं, दुसरा भाग द वाइज मॅन्स फिअर 2011 ला, आणि तिसऱ्याची लोकं अजून वाट बघायलेत. मध्ये त्याच जगातली दोन छोटी पुस्तकं आली पण ती मूळ गोष्ट पुढं नेत नाहीत, ती सोडा. मालिकेची रचनाच अशी आहे की क्वोथ नावाचा एकेकाळचा लय गाजलेला माणूस नाव बदलून कुठल्यातरी आडगावात खाणावळ चालवायलाय, तिथं गोष्टी लिहून घेणारा एकजण त्याला शोधत येतो, आणि क्वोथ त्याला म्हणतो की माझी गोष्ट सांगायला तीन दिवस लागतील. एक दिवस म्हणजे एक पुस्तक. तर तिसरा दिवस काही उजाडलेला नाही, आणि उजाडेल का हे कुणी सांगू शकत नाही.

आता आमच्या गल्लीत श्रावणात पोथी लावतात. ऐकायला बसणाऱ्या आज्यांना पांडव जिंकणार हे लहानपणापासून माहितीय, त्यातल्या निम्म्या शेवटच्या अध्यायाला हजर पण नसतात, कुणाची लेक आलेली असते, कुणाचे गुडघे धरलेले असतात. पण वाचणाऱ्याचा गळा चांगला असला की त्या दिवसाचा अध्याय ऐकून समाधानानं उठतात. रॉथफस तसा वाचणारा आहे. शेवट कळण्यासाठी त्याच्याकडं जायचंच नाही, तो सांगतो कसा ते ऐकायला जायचं.

आणि शेवट आला म्हणजे माणूस खूश होतो असं तरी कुठंय. गेम ऑफ थ्रोन्सच्या सिरीयलला शेवट मिळाला, तो बघून लोकं आजपर्यंत शिव्या घालायलेत. त्याच्या पुस्तकांचा पाचवा भाग 2011 चा, सहाव्याचा अजून पत्ता नाही, तरी पहिली तीन पुस्तकं वाचलेला माणूस वेळ वाया गेला म्हणताना मला तरी भेटलेला नाही.

नेम ऑफ द विंडमधलं एक प्रकरण सांगतो, यानं काही बिघडत नाही. क्वोथ फिरत्या कलावंतांच्या तांड्यात वाढलेला, आईबाप मारले गेल्यावर तो कितीतरी दिवस एकटाच जंगलात राहतो, जवळ फक्त बापाचं ल्यूट, आपल्या सतारीच्या कुळातलं पण छोटं आणि गोल पोटाचं वाद्य असतं ते. तारा एकेक करून तुटतात, नवीन आणणार कुठून, मग हा उरलेल्या तारांवरच वाजवत राहतो. पुढं पुस्तकात बरंच अंतर गेल्यावर तो एका नावाजलेल्या जागी गायला उभा राहतो, तिथं ऐकणाऱ्यांनी मानलं तर चांदीचा बिल्ला मिळतो आणि बिल्ला मिळाला तर पोटापाण्याचं काहीतरी जमणार असतं. गाणं निवडतो भयंकर अवघड, त्यात बाईचा भाग गायला समोर बसलेल्यांतूनच कुणीतरी आपणहून आवाज द्यावा लागतो. आणि ऐन भरात तार तुटते. जंगलातलं ते तुटक्या तारांचं वाजवणं तेव्हा वाचताना कंटाळवाणं वाटलेलं असतं, ते कशासाठी होतं हे इथं कळतं. तिसरा भाग येवो न येवो, हे प्रकरण कुठं जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. फँटसीत हिरोला पैशाची अडचण अशी फारशी कधी नसते, असली तर दोन पानांत मिटते. इथं क्वोथ विद्यापीठात शिकायलाय आणि तिथली पद्धत अशी की दर सत्राला मास्तर लोक तोंडी परीक्षा घेतात आणि त्यावर ज्याची त्याची फी ठरते. पहिल्यांदा तर उलट त्यालाच पैसे देऊन आत घेतात, आणि मग पुढं प्रत्येक वेळी फी कुठून आणायची याची टांगती तलवार. सावकारणीकडून कर्ज काढतो, ती तारण म्हणून रक्ताचे थेंब ठेवून घेते, आणि त्या जगात रक्त दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय हे तुम्हाला तोवर कळलेलं असतं. ज्यानं फीची तारीख पुढं ढकलून मागितलीय त्याला या पानांवर काही वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वाईट काय ते पण सांगतो. सुरुवात संथ आहे. मी लोकांना सांगत असतो की हुतात्मा एक्सप्रेसला सकाळी सोलापूरला बसून उघडलं तर कुर्डुवाडी येईपर्यंत खाणावळीतच अडकलेला असता आणि हे काय चाललंय असं वाटतं, दौंड गेलं की मग पुणं कधी आलं कळत नाही. क्वोथ स्वतःच्या तोंडानं स्वतःची गोष्ट सांगतोय त्यामुळं फुशारकी भरपूर, चाहते म्हणतात तो थापा मारतोय हीच तर गंमत आहे, असेल, पण सहाशेच्या वर पानं थापा ऐकायला पण दम लागतो. आणि ती डेना नावाची पोरगी येते जाते, येते जाते, त्यात काही दम नाही.

दुसऱ्या भागाबद्दल माझं मत कडक आहे. तो पहिल्यापेक्षा बराच मोठा आणि कुठं थांबायचं याचं भान सुटलेला. समुद्रप्रवास, जहाज फुटणं, चाचे, हे सगळं तो काही ओळींत उरकतो, मला ते सांगायचं नाही म्हणून, आणि नंतर एका मोहिनीसारख्या बाईबरोबर जंगलात जे सुरू होतं ते संपता संपत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिला भाग जरूर वाचा आणि तिथंच ठेवून द्या. राहवलंच नाही तर तुमची मर्जी.

मग मिस्टबॉर्न आधी का म्हणतोय? तुमच्यासाठी म्हणतोय. इंग्रजी जाड पुस्तक संपवायची सवय नसली तर मिस्टबॉर्न लिहिणाऱ्या ब्रँडन सँडरसनइतका सोपा माणूस नाही, छोटी वाक्यं, सरळ शब्द, प्रकरण संपताना काहीतरी अडकवून ठेवतो. आणि पहिला भाग, द फायनल एम्पायर, 2006 चा, तो स्वतःपुरता पूर्ण होतो, पुढचं नाही वाचलं तरी फसवल्यासारखं वाटत नाही.

गोष्ट अशी की आकाशातून सतत राख पडायलीय, हजार वर्षांपूर्वी जो वीर जग वाचवणार होता त्याच्या जागी आता एक अमर सम्राट बसलाय, आणि खालची जनता गुलाम. केल्सियर नावाचा चोर आपली टोळी जमवून त्या सम्राटाचंच राज्य लुटायचा बेत करतो, त्यात व्हिन ही रस्त्यावर वाढलेली पोरगी येते. इथली जादू धातूंवर चालते. धातूची पूड गिळायची आणि पोटात ती जाळायची, प्रत्येक धातूचं काम वेगळं, कथिलानं कान डोळे तिखट होतात, पितळेनं समोरच्याच्या भावना शांत करता येतात, पोलादानं जवळपासचा धातू ढकलता येतो आणि लोखंडानं ओढता येतो.

आता गंमत बघा. व्हिनचा पोलादाचा धडा नाण्यावर होतो आणि तिकडं क्वोथचा पहिला धडा पण नाण्यावरच. व्हिन नाणं खाली टाकून ढकलते. नाणं जमिनीला टेकलं की त्याला जायला जागा नाही, मग ती स्वतःच वर उडते. म्हणजे हलकी वस्तू ढकलली तर वस्तू जाणार, जड ढकलली तर तुम्ही जाणार. क्वोथला त्याचा गुरू दोन नाणी मनानं एकमेकांना जोडायला लावतो, एक उचललं की दुसरं पण उठतं, पण हाताला वजन दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त लागतं, कारण जोडताना शक्ती वाया जाते. आठवी नववीचं विज्ञान आहे की हे. पण सँडरसन त्या नियमावर मारामाऱ्या उभ्या करतो, छपरावरून छपरावर नाणी टाकत पळणं, आणि तुम्ही वाचतानाच हिशोब करायला लागता की आता हिच्या खिशात नाणी किती राहिली. रॉथफस त्याच नियमावर पोराची थंडी उभी करतो, बाहेर उष्णता मिळाली नाही तर स्वतःच्या अंगातली ओढून घ्यावी लागते आणि हात पाय गार पडतात. कुठलं तुम्हाला भावतं त्यावर पुढची दहा वर्षं तुम्ही कुठली फँटसी वाचाल ते बरंचसं ठरतंय.

मिस्टबॉर्नची उणीव म्हणजे भाषा कोरडी. माणसं सारखी भुवया उडवतात, उसासे टाकतात. धारपांच्या एका परिच्छेदात जी हवा तयार होते ती इथं पन्नास पानांत होत नाही. दुसरा भाग मध्येच बसतो, शहराला वेढा पडलाय आणि आत बैठकाच बैठका. तिसरा परत वर येतो. 2006, 2007, 2008 असे ओळीनं तीन वर्षांत तिन्ही आले, वाट बघायचा प्रश्नच नाही. एक सांगतो, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिरप्या अक्षरात तीन चार ओळी असतात त्या गाळू नका, त्या सजावटीला नाहीत.

व्हील ऑफ टाइम थोडक्यात. पहिला भाग 1990 चा, चौदावा जानेवारी 2013 चा, सगळं मिळून साधारण 44 लाख शब्द. रॉबर्ट जॉर्डन 2007 ला वारले, शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून सँडरसननंच पूर्ण केले, आणि चांगले केले. कालचक्र फिरतंय, युगं येतात जातात, तेच जीव परत जन्माला येतात, हे सगळं आपल्याला काही नवीन नाही, इंग्रजी वाचणारे त्याचं फार कौतुक करतात तेव्हा आपल्याला हसू येतं. जादूची एक बाजू मात्र जबरदस्त आहे, पुरुषांच्या वाट्याची शक्तीच नासलेली आहे, जो वापरेल तो वेडा होणार, आणि ज्यानं जग वाचवायचं तो पुरुषच. पण सात ते दहा हे भाग जीव काढतात. आमचा एक दोस्त टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला नाइटला असतो, त्यानं सगळी मालिका कानात ऐकून काढली, तो म्हणतो दहाव्या भागात मी चालू ठेवून चहा पिऊन येत होतो बे, येईपर्यंत त्यांचं पत्र पण लिहून झालेलं नसायचं. तरी त्याचा जीव आहे त्या मालिकेवर. पण पहिलंच इंग्रजी पुस्तक म्हणून हे कुणी घेऊ नये. प्राइमवरची सिरीयल तीन सीझनमध्ये बंद पडली, तिच्यावरून अंदाज बांधू नका.

तुम्ही विचारलं नाहीत पण अर्सुला ले ग्विनचं अ विझर्ड ऑफ अर्थसी बघा, 1968 चं, दोनशेच्या आसपास पानं, एका रविवारी होतंय. एखाद्या वस्तूचं खरं नाव माहीत असलं की तिच्यावर सत्ता मिळते ही कल्पना रॉथफसच्या बरीच आधी तिथं आहे आणि कमी शब्दांत आहे. आणि इंग्रजीची धास्तीच असेल तर टॉल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जचं स्वामी मुद्रिकांचा या नावानं मुग्धा कर्णिक यांनी केलेलं मराठी भाषांतर आहे, त्यानं सुरुवात करा, कमीपणा कसला त्यात.

घेताना बॉक्स सेट घेऊ नका, पहिला भाग एकटा घ्या. फुटपाथवरची झेरॉक्स कॉपी तर नकोच, नकाशे काळे ठिक्कर येतात आणि मिस्टबॉर्नच्या शेवटी धातूंचा तक्ता असतो तो वाचायला यायचा नाही, तो सारखा लागतो. किंडलवर सुरुवातीची पानं फुकट मिळतात, दोन्ही पुस्तकांची उतरवून घ्या आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, नाहीतरी आपल्याकडं बारानंतर कुठं बाहेर पडता येतंय, लागोपाठ वाचा. आणि दुकानात नुसतं मिस्टबॉर्न द्या म्हणू नका, द फायनल एम्पायर म्हणा. द अलॉय ऑफ लॉ पण मिस्टबॉर्न म्हणूनच विकतात, ते तीनशे वर्षं पुढचं आहे, आणि त्याचं मागचं कव्हर चुकूनही वाचू नका, पहिल्या तीन भागांत कुणाचं काय झालं ते तिथंच फुटतंय.